दाजींना दिलेली नोटीस

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. म्हणजे खरं सांगायचं तर आमच्या सौ. मोठ्याने वाचतात आणि मी जेवता जेवता त्यात खोट काढतो. रिकाम्या घरात पावलं वाजली की म्हणतो, पत्रा तापला असेल. कुणाला आपल्या नावाची हाक ऐकू आली की म्हणतो, शेजारचा टीव्ही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. यात शहाणपणा मिरवायचा नाही... माझा धंदाच तसा. पुंडलिकनगरात माझं माइक-स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान, आता मुलगा बघतो. लग्नं, सप्ताह, गणपती, उमेदवारांच्या सभा — जन्मभर आवाजाचंच काम केलं. कुठला आवाज कुठून आला, सरळ आला की भिंतीवर आपटून आला, हे ओळखण्यावर माझं पोट चाललं. परवा असाच कुणाच्या तरी अनुभवाला हसत होतो तर सौ. म्हणाल्या, "दुसऱ्याचं राहू द्या, अक्काच्या कोर्टात काय झालं ते लिहा की." मग हसू गेलं. म्हणून लिहितोय.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. तिचं लग्न करमाडच्या अलीकडे, जालना रोड सोडून आत असलेल्या एका वस्तीवर झालं. ती सासरी निघाली तेव्हा मी एवढा रडलो की दाजींनी मलाही सोबत घेतलं आणि पुढचे कित्येक महिने मी तिथंच राहिलो. आम्ही धनगर. दाजींची मेंढरं होती आणि ओढ्याकाठी थोडं शेत. माणूस उंच, पण बोलणं इतकं हळू की शेजारी बसलेल्याला ऐकू जायचं नाही. रानात मात्र त्यांनी हाक दिली की पार पलीकडच्या टेकडीवरचं कुत्रं कान टवकारायचं. मी गळा फाडून ओरडायचो तर म्हणायचे, "वरडायचं नसतंय बापू. आवाज धाडायचा असतोय." पुढे माइकच्या धंद्यात मी जे काही शिकलो त्याची सुरुवात तिथली आहे.

आता एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या घरांत रानात हाक मारायची शिस्त असते. एक हाक म्हणजे भाकरी आली, सवडीनं या. दोन हाका म्हणजे जरा लवकर. आणि तीन हाका म्हणजे लांडगा... हातातलं टाकून, काठी घेऊन पळत सुटायचं, ज्याच्या कानावर पडेल त्या प्रत्येकानं. लांडगा नसताना तीन हाका मारायच्या नाहीत, गमतीतसुद्धा नाही. मी लहानपणी एकदा मारल्या होत्या, अक्काचा हात अजून पाठीवर आठवतो. आणि समोरून एकदा ओ आली की पुन्हा हाक मारायची नाही. माणूस निघालेला असतो.

दाजींची ओ सगळ्या वस्तीला पाठ होती. आधी मेंढरांना "हिर्रर्र" करून थांबवायचे आणि मग लांब "आलोऽऽ". त्यातला शेवटचा ओ जरा वर चढायचा, काही विचारल्यासारखा. अक्का त्यांना त्यावरून चिडवायची, "यायलाव का इचारायलाव?" दाजी नुसते मिशीत हसायचे.

दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशाकडे जायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. एका वर्षी बाकीचे आले, मेंढरं आली, कुत्रं आलं, दाजी आले नाहीत. सोबतच्यांनी सांगितलं की वाटेत एक मेंढी मागे राहिली होती. "बघून येतो, तुमी व्हा म्होरं," असं म्हणून ते दरीत उतरले. बाकीच्यांनी तिथं मुक्काम केला, दऱ्या पालथ्या घातल्या, ठाण्यात खबर दिली. काठी नाही, घोंगडं नाही, काहीच मिळालं नाही. मेंढीसुद्धा नाही.

त्या वर्षापासून अक्का रोज दुपारी भाकरी बांधून बांधावर उभी राहायची आणि एक हाक मारायची. "अवोऽऽ... या होऽऽ." एकच. थोडा वेळ थांबायची, मग सावलीत बसून स्वतःची भाकरी खायची आणि दुसरी कुत्र्याला घालायची. तिला मूलबाळ नव्हतं. मी किती वेळा म्हटलं असेल, अक्का, चल माझ्याकडं, पुंडलिकनगरात खोली रिकामी आहे. ती म्हणायची, "ते आले तर कुठं येतील? त्यांना माझा बांध ठावा हाय, तुझं पुंडलिकनगर नाय."

अशी वर्षं गेली. मग शेंद्र्याला एमआयडीसी येणार म्हणून आसपासच्या जमिनींकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. दाजींचा चुलतभाऊ भागाजी, म्हणजे अक्काचा चुलतदीर, म्हणायला लागला की धनी बेपत्ता, बाईला लेकरू नाही, शेत भावकीतच राहायला पाहिजे. एका सकाळी त्यानं बांध फोडून औत आत घातलं. अक्का तलाठ्याकडं गेली. तलाठी म्हणाला, सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे. नवरा आणा, नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला आणा.

मी अक्कासाठी एक वकील मॅडम गाठल्या, त्यांनी वाट सांगितली. सात वर्षं ज्याची कुणालाच खबर नाही, त्याला कोर्ट मेला असं धरतं. मग बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढतं आणि भागाजीचं तोंड बंद होतं. म्हणजे बघा... दाजी परत येतील म्हणून तिला जो बांध हवा होता, तो राखायला तिलाच कोर्टात उभं राहून दाजी मेले असं म्हणावं लागणार होतं. मी तिला समजावलं, नुसता कागद आहे अक्का. ती वस्तीवर परत गेली. तीन दिवसांनी वस्तीवरून निरोप आला, करते म्हणून.

आणि मॅडम म्हणाल्या की दाव्याची नोटीस दाजींनाही काढावी लागेल. मला हसू आलं. जो सापडत नाही म्हणून दावा, त्यालाच नोटीस? अक्का हसली नाही. "बरोबर हाय," म्हणाली. "इचारल्याबिगर कसं मारायचं माणसाला?"

नोटीस घेऊन बेलीफ आला तो शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर, म्हणजे अक्काच्याच दारात. कायद्याप्रमाणे त्यानं तिलाच विचारलं, म्हाळबा सखाराम घरी आहेत का? नाहीत म्हणाली. मग दोन पंच बोलावून नोटीस दाराला चिकटवायची, तर याचा डिंक संपलेला. अक्कानं चुलीवर कणकेची खळ शिजवून दिली. आपल्या नवऱ्याच्या नोटिशीला खळ करून देणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. त्यानं कागद आपल्या डोळ्यांसमोर लावला तर म्हणाली, "आणिक वर लावा दादा. ते उंच हायत, वाकावं लागंल." त्यानं बिचाऱ्यानं टाचा उंचावून वर लावला. तो निघाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, "पर त्यांना वाचता कुठं येतंय?"

पेपरातही छापून आली, आतल्या पानावर, फ्लॅटच्या जाहिरातींच्या शेजारी. पण तीही वाचता येणाऱ्यालाच. मग अक्कानं आपला उपाय काढला. वस्तीवर शिकलेलं कुणीही आलं की त्याला दारावरची नोटीस मोठ्यानं वाचायला लावायची, आणि दाराकडं नाही तर रानाकडं तोंड करून. मी गेलो तेव्हा मलाही वाचायला लावली. "तुम्हांस या नोटिशीने कळविण्यात येते की..." ओढ्याकडे बघत मी वाचत होतो, आणि सांगायला हरकत नाही, दाजींचं नाव मी आपोआप जरा लांब धाडून वाचलं.

तारखेच्या दिवशी आम्ही अदालत रोडवर कोर्टात गेलो. भर दुपार. व्हरांड्यात माणसांची गर्दी, झाडाखाली टाइपरायटरची खडखड, गेटबाहेर रिक्षांचे हॉर्न. आम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसलो, समोरच्या बाकावर भागाजी. एकाच घरातली माणसं, पण एकमेकांकडे बघत नव्हती.

ज्यांना कोर्टाचं काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. केस निघाली की कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात येऊन नावाचा पुकारा करतो. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही की गैरहजर मांडतात आणि पुढचं काम एकतर्फी चालतं. आमच्या कोर्टाचे शिपाई म्हणजे एक म्हातारे चाचा, सडपातळ, पण गळा असा की माझा माइक घरी ठेवावा.

"म्हाळबा सखाराम... हाजिर हैऽऽ?"

अक्कानं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव असं चारचौघांत, एवढ्या मोठ्यानं, तिनं कधी ऐकलं नव्हतं. चाचांनी कपाळाला रुमाल लावला आणि दुसऱ्यांदा पुकारलं. कुणी वळूनही बघितलं नाही, कोर्टात असली नावं दिवसभर चालूच असतात.

तिसऱ्या पुकाऱ्याला अक्कानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. समोर भागाजी बाकावरून उठून उभा राहिला होता आणि त्याचा उजवा हात शेजारी काहीतरी चाचपत होता. मला आधी कळेना. मग कळलं... तो काठी शोधत होता. तीन हाका. मी शहरात राहून विसरलो होतो, त्यांच्या अंगात ते होतं.

आणि ओ आली.

"हिर्रर्र... आलोऽऽ."

गेटाच्या बाजूनं आली, पण गेटावरून नाही. लांबून. लांबून येणाऱ्या आवाजातली अक्षरं झिजलेली असतात, नुसता स्वर पोचतो, तसा तो होता. दोन-तीन शेतं पलीकडून यावा तसा. त्या रोडवर गेटाबाहेरचा माणूस ओरडला तरी व्हरांड्यात कळत नाही. तरीही हॉर्न आणि टाइपरायटर यांच्यातून तो सरळ आमच्यापर्यंत आला. शेवटचा ओ जरा वर चढलेला.

चाचांनी सवयीनं आत तोंड घालून सांगून टाकलं, "हाजिर है साब." मग बाहेर वळून म्हणाले, "कौन बोला? इधर आओ, जल्दी आओ."

मी पळालो. गेटापर्यंत गेलो, रस्ता ओलांडून पलीकडेही पाहिलं. लावलेल्या स्कूटरी, शेंगदाणेवाला, दोन वकील. मेंढरू नाही, घोंगडं नाही. मी "दाजी" म्हणून हाक मारली, तर शेंगदाणेवाल्यानं मला वर-खाली पाहिलं. परत आलो तेव्हा अक्का तशीच बसून होती, गेटाकडे तोंड करून. तिचा चेहरा मी लहानपणी पाहिला होता तसा झाला होता, मेंढरं परत यायच्या दिवसांतला. मला तो बघवेना.

आत जज्ज साहेबांनी चाचांना विचारलं, कुठे आहे इसम? चाचा म्हणाले, "आवाज आया साब, मेरे कू साफ सुनाई दिया. दूर से बोला. आदमी नई दिख रहा." साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा पुकारा करायला न सांगता अक्काला बोलावलं.

मॅडमनी तिला सगळं पढवून ठेवलं होतं. प्रश्न एकच महत्त्वाचा होता. "बाई, गेल्या सात वर्षांत तुमच्या पतीची काही खबर?" उत्तर होतं, नाही.

अक्का दाराबाहेर बघत राहिली. साहेबांनी परत विचारलं.

"नव्हती साहेब," ती म्हणाली. "आज हाय."

"म्हणजे?"

"आत्ताच ओ दिली त्यांनी."

मॅडमनी डोळे मिटले. मग हळूच तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "अहो बाई, शेत जाईल." अक्काला ते कळत नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या. शपथ घेतलीय. आणि ऐकून न ऐकल्यावाणी कसं करू? त्यांना काय वाटंल?"

भागाजीचा वकील खूश होऊन उठला. वादी स्वतःच सांगतेय माणूस जिवंत आहे म्हणून, दावाच संपला. तेवढ्यात मागून भागाजी बोलला. "दादाच होता साहेब. म्या बी ऐकला." वकील त्याला खाली बसवायला लागला तर त्यानं हात झटकला. "तो आलो म्हनलाय. तो येईस्तोवर त्या बांधावर मी पाय ठेवत नाय. लिहून घ्या."

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. त्या ओचं काही नाही, भागाजीच्या कबुलीचं. तडजोड झाली आणि दावा तिथंच मिटला. दाजी मेले असं कुणीच ठरवलं नाही. सातबाऱ्यावर आजही नाव त्यांचंच आहे.

परत जाताना काळी-पिवळीत अक्का खिडकीशी बसली होती. मला वाटलं, शेत वाचलं, ओ ऐकू आली, खुशीत असेल. चिकलठाणा मागे पडलं तेव्हा ती बोलली.

"बापू, मी तीन हाका मारायला पायजे होत्या रे."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. रोज एकच मारली. लांडगा नव्हता ना, मग तीन कशा मारायच्या? ते लई लांब गेले असतील. एक हाक पोचली नसंल तिथवर."

आणि ती रडली. दाजी आले नाहीत तेव्हा रडली नव्हती, खळ शिजवताना रडली नव्हती. जीपमधली माणसं बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मलाही आवरलं नाही. रीतीनं वागली एवढीच तिची चूक, ती कुणाच्या पदरात टाकायची?

आता तुम्ही म्हणाल, प्रतिध्वनी. माझ्याही मनात तेच पहिलं आलं. सुट्टीच्या दिवशी मी सौंना घेऊन तिथं गेलो, त्यांना व्हरांड्याच्या बाजूला उभं केलं आणि गेटाशी, रस्त्यापलीकडे, झाडाखाली, जमेल तिथून ओरडून पाहिलं. वॉचमननं हटकलं, ते सोडा. भिंतीवरून आवाज परत येतो तिथं, पण "हाजिर है"चा "आलो" होऊन कसा येईल? कुणी गंमत केली म्हणावं तर दाजींचं ते "हिर्रर्र" शहरात माहीत कुणाला? आम्हाला ऐकायचंच होतं म्हणून ऐकू आलं म्हणावं तर भागाजीला ते ऐकायचं नव्हतं, त्याचं नुकसान होतं. आणि चाचांना तर दाजी कोण हेही माहीत नव्हतं. रात्रीच्या वेळी एकटा पडलो की मी अजून तो आवाज मनात लावून बघतो. कुठून आला हे मला सांगता येत नाही. जन्मभराच्या धंद्यात हा एकच आवाज असा.

दाजी आले नाहीत, हे वेगळं सांगायला नको. अक्का आता म्हातारी झालीय. बांधाच्या पलीकडे कारखान्याची भिंत आली, ओढा आटला, पण शेत आहे आणि दुपारची दोघांची भाकरीही आहे. फक्त हाक मारत नाही ती आता. रस्त्याकडे तोंड करून बसते. मी एकदा म्हटलं, अक्का, आता तरी मार ना तीन हाका, आता कुणाची भीती? तर म्हणाली, "आलो म्हणालेत की. कोर्टाच्या हाकंत लांडगा नसतोय, येतील सवडीनं. ओ दिल्यावर परत हाक मारत नसतेत."

मला मात्र राहवलं नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. ती घरामागे डोक्यावरून पाणी घेत होती. मी बांधावर एकटाच होतो, भोवती सगळं शांत होतं... आणि मला दाजी इतके आठवले की मी उभा राहिलो आणि त्यांनी शिकवला होता तसा आवाज धाडला. एकदा. दोनदा. तीनदा.

ओ आली नाही. अक्का आली. ओले केस, अनवाणी, हातात काठी, या वयात ढेकळांतून धावत. "कुठाय? कुठाय लांडगा?"

मी मान खाली घालून उभा राहिलो. तिला कळलं. काठी टेकून तिनं दम घेतला. मला वाटलं, लहानपणीसारखा पाठीत हात बसणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"हे काय केलंस बापू," ती म्हणाली. "सवडीनं येत होते ते. आता पळत सुटले असतील. वय झालंय रे त्यांचं, ठेच लागंल."